उपग्रहाचा डोळा वापरता, मग तोंड का नाही?

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
महाराष्ट्र राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, मुंबई

महोदय,

सविनय नमस्कार.

पळसाला कळ्या धरल्या आहेत. सागाची पानं पायाखाली पापडासारखी मोडायला लागली आहेत. सरकारी कागदावर १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम. आग अडवणाऱ्या जाळरेषा काढून झाल्या असतील, हंगामी मजुरांच्या याद्या बनत असतील, पाचोळा उडवून आग रोखणारे ब्लोअर दुरुस्तीला गेले असतील. मी वनरक्षक म्हणून लागलो आणि वनपाल म्हणून निवृत्त झालो, सगळी नोकरी सातपुड्याच्या रांगांत. ओल्या फांद्यांनी आग झोडपायचे दिवस पाहिले, पाठीवर ब्लोअर बांधायचेही पाहिले. निवृत्तीनंतर वणवा डोक्यातून जायला हवा होता. गेला नाही, म्हणून हे पत्र उघडपणे लिहितो आहे. टपालाने पाठवलं असतं तर आवक क्रमांक पडून फायलीत निजलं असतं.

एक दुपार सांगतो. एप्रिल महिना. गावाचं नाव लिहीत नाही, कारण अशी गावं शेकड्यांनी आहेत. तिथे मोबाईलला रेंज नाही. गावाबाहेर एक टेकडी आहे, तिला सगळे ‘रेंजची टेकडी’च म्हणतात. मुंबई-पुण्याला कामाला गेलेल्या पोरांशी बोलायला संध्याकाळी बाया-माणसं तिथे चढतात. त्या दिवशी गस्त संपवून मी तिथे पोचलो, तसा खिशातला फोन पाच-सहा वेळा वाजला. दिवसभर अडकलेले संदेश एकदम आले. त्यातला एक डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाचा. आगीचा ठिपका, अक्षांश-रेखांश, नियतक्षेत्र म्हणजे बीट, कक्ष क्रमांक. सगळं अचूक. आग टिपल्याची वेळ दुपारी दोनच्या आसपासची. मी तो वाचला तेव्हा सात वाजत आले होते, आणि ज्या उताराबद्दल तो होता तो उतार माझ्या डोळ्यांसमोर काळा होऊन धुमसत होता.

तीन घरांचं कुटार गेलं, शेळ्यांचा एक गोठा गेला. मोहफुलं वेचायला गेलेल्या एका म्हातारीचे तळपाय भाजले. कुणी मेलं नाही, म्हणून अहवालात ती आग चार ओळींत आटोपली.

मला मात्र दुसरीच गोष्ट खात राहिली. जमिनीपासून आठशे किलोमीटरवर फिरणाऱ्या उपग्रहाला आमच्या कक्षातली आग दिसली. ती माहिती खाली उतरली, नकाशावर बसली, कुठल्या बीटच्या हद्दीत येते ते ठरलं, माझ्या नंबरवर निघाली, आणि शेवटच्या चार कोसांत अडकली. अडली कशासाठी, तर टॉवरसाठी. उपग्रहाला आपण डोळा म्हणून वापरतो. तोंड म्हणून वापरत नाही. मला जे म्हणायचं आहे ते एवढंच आहे, बाकीचं पत्र त्याची फोड आहे.

आधी डोळ्याबद्दल, कारण त्याच्याही मर्यादा आहेत आणि त्या लपवून मला काही मागायचं नाही. वन सर्वेक्षण २००४ पासून उपग्रहाच्या नजरेने आगी टिपत आहे. आधी मोडिस नावाचा संवेदक होता, त्याचा एक ठिपका एक किलोमीटरचा, म्हणजे शंभर हेक्टरांचा. आता वीर्स नावाचा संवेदक आहे, त्याचा ठिपका ३७५ मीटरचा, म्हणजे साधारण चौदा हेक्टरांचा. सुधारणा मोठी आहे. पण हे उपग्रह एका जागेवर सारखे टक लावून बसत नाहीत. त्यांची मुख्य फेरी दुपारी दीडच्या सुमाराला आणि पुन्हा रात्री दीडच्या सुमाराला. दुपारी तीनला पेटलेली आग त्यांना मध्यरात्रीनंतर दिसणार. आपल्याकडची आग बहुधा जमिनीलगत, पाचोळ्यातून आणि गवतातून पळते. वरून सागाची छत्री असेल तर कधी कधी ती दिसतच नाही. उलट शेतातलं धसकट, सह्याद्रीतला राब, वीटभट्टी, हे सगळं ठिपक्यात येऊ शकतं. म्हणून उपग्रहाचा ठिपका आला की आपोआप गावात भोंगा वाजवा, असं मी म्हणत नाही. तसं केलंत तर तिसऱ्या भोंग्याला कुणी घराबाहेर यायचं नाही.

डोळ्याला वेळ लागतो म्हणूनच तोंडाला वेळ लागून चालत नाही. आग मचाणावरून दिसो, मेंढपाळाने पाहो, नाही तर उपग्रहाला दिसो. ती दिसली आणि ती कुठे निघाली आहे हे कळलं, की वाटेतल्या गावाला ते मिनिटांत कळलं पाहिजे. आज त्यासाठी काय आहे? राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची इशारे देणारी ‘सचेत’ यंत्रणा आहे, सी-डॉट या सरकारी दूरसंचार संस्थेने बांधलेली. तिच्या जोडीला सेल ब्रॉडकास्ट आहे. २०२३ मध्ये त्याच्या चाचण्यांच्या वेळी राज्यभर फोन एकाच वेळी किंचाळले होते, आठवत असेल. लोकांनी त्यावर विनोद केले, पण यंत्रणा खरोखर चांगली आहे. तिला कुणाचा नंबर लागत नाही. टॉवरच्या टापूत जेवढे फोन असतील त्या सगळ्यांवर एका दमात संदेश जातो, आणि लाइन जाम झाली तरी जातो. फक्त टॉवर हवा. रेंजची टेकडी चढावी लागते त्या गावात ती किंकाळी ऐकूच आली नाही.

आता दूरचं उदाहरण घेतो. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिस पेटलं. सॅन्टा अ‍ॅना वाऱ्यांनी पॅलिसेड्स आणि ईटन या दोन आगी वस्त्यांत घुसवल्या. टॉवर जळाले, काहींची वीज तुटली. तेव्हा टी-मोबाईल ही तिथली मोबाईल कंपनी आणि उपग्रहांवरून सेवा देणारी स्टारलिंक यांनी अजून बाजारात न आलेली सेवा त्या भागात तात्पुरती उघडली. उपग्रहच आकाशातला टॉवर झाला आणि साध्या, हातातल्याच फोनवर आपत्तीचे इशारे आणि साधे मजकूर-संदेश येऊ लागले. फोनला डिश लागली नाही, वेगळं यंत्र लागलं नाही. त्याआधी, सप्टेंबर २०२४ मध्ये, हेलीन वादळाने नॉर्थ कॅरोलायनाचे डोंगर झोडपले तेव्हाही हीच युक्ती केली होती. फोनवरून आकाश मोकळं दिसायला हवं, संदेश जायला-यायला थोडा वेळ लागतो, छपराखाली भरवसा नाही. पण धुराची त्याला अडचण नाही. रेडिओलहरी धुरातून जातात.

एवढं वाचून कुणी ‘मग आपणही आणू’ असं म्हणून बैठक संपवेल. म्हणून त्याच लॉस एंजेलिसचा दुसरा भाग सांगणं भाग आहे.

ईटनची आग ७ जानेवारीला संध्याकाळी सहाच्या पुढे लागली. अल्टाडीना या वस्तीच्या पूर्व भागाला घरं सोडण्याचा आदेश लवकर गेला. लेक अ‍ॅव्हेन्यू नावाच्या रस्त्याच्या पश्चिमेला मात्र तो पहाटे तीन वाजून गेल्यावर गेला. तोवर तिथली घरं पेटलेली होती. त्या आगीत मेलेले जवळजवळ सगळे लोक पश्चिमेकडचे. त्यांत म्हातारे होते, अंथरुणाला खिळलेले होते. तिथे उपग्रह कमी पडला नाही. संदेश ‘पाठवा’ असं म्हणणारा माणूस वेळेवर म्हणाला नाही, किंवा त्याच्यापर्यंत खबर पोचली नाही, किंवा नकाशावर ती रेघ ओढायची राहून गेली. निरोप निघालाच नाही तर त्याला घोड्यावरून पाठवा की उपग्रहावरून, सारखंच.

आणि दोनच दिवसांनी, ९ जानेवारीला, उलटं झालं. एका छोट्या भागासाठीचा ‘निघण्याच्या तयारीत राहा’ हा इशारा चुकून अख्ख्या काउंटीला, म्हणजे जिल्ह्याला गेला. जवळपास एक कोटी लोकांना. लोक रस्त्यावर आले, मग कळलं की आपल्यासाठी नव्हताच. त्यानंतरच्या खऱ्या इशाऱ्याकडे किती जणांनी गंभीरपणे पाहिलं असेल, याचा विचार करा.

लहायना या गावाच्या आगीची गोष्ट तर तुमच्यापैकी अनेकांनी वाचली असेल. ८ ऑगस्ट २०२३, हवाईतलं माउई बेट, १०२ माणसं गेली. बेटावर ८० भोंगे होते, चालू होते, एकही वाजवला नाही. तिथल्या अधिकाऱ्याचं म्हणणं असं, की हे भोंगे लोकांच्या डोक्यात त्सुनामीचे आहेत. वाजवले असते तर लोक डोंगराकडे, म्हणजे आगीकडेच, पळाले असते. हे म्हणणं पटो न पटो, त्यातली एक गोष्ट मात्र खरी आहे. भोंगा ऐकून काय करायचं हे आधी ठरलेलं नसेल तर भोंगा हा नुसता आवाज असतो.

तर मग आपण काय करायचं? थेट फोनवर येणारी उपग्रह सेवा आपल्याकडे यायला परवानग्या, लहरींचं वाटप, कंपन्यांचे करार असं बरंच काही आहे. ते होईल तेव्हा होवो. मेळघाटात, धडगावात, भामरागडमध्ये आजही कित्येकांच्या हातात बटणांचा फोन आहे आणि घरात एकच फोन आहे, तो शेतात गेलेल्या माणसाबरोबर असतो. म्हणून माझा जोर फोनवर नाही. माझा जोर एका खोक्यावर आहे.

हे खोकं काही मी कल्पनेतून काढलेलं नाही. ते समुद्रावर आहे. २०१७ मध्ये ओखी वादळ आलं तेव्हा खोल समुद्रातल्या होड्यांपर्यंत निरोप पोचला नाही, कारण किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटरवर मोबाईल संपतो. त्यातून धडा घेऊन २०१९ मध्ये ‘जेमिनी’ नावाचं छोटं यंत्र आलं. हैदराबादचं इन्कॉइस, म्हणजे समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था, वादळाचे आणि उंच लाटांचे इशारे तयार करतं, विमानांना वाट दाखवणाऱ्या ‘गगन’ यंत्रणेच्या उपग्रहांवरून ते खाली येतात, आणि होडीतलं खोकं ते पकडून ब्लूटूथने मोबाईलवर दाखवतं. टॉवर कुठेच मध्ये येत नाही. त्याच्याही पुढे, ३० ऑगस्ट २०२४ ला आपल्याच पालघरमध्ये पंतप्रधानांनी मच्छीमार होड्यांसाठीची संपर्क यंत्रणा सुरू केली. देशभर एक लाख होड्यांवर ट्रान्सपाँडर, सुमारे ३६० कोटींची योजना. होडीमागे साधारण ३६ हजार रुपये. ते तर दोन्ही बाजूंनी बोलतं.

कोळ्याला मिळालं याचा मला आनंदच आहे. पण सातपाटीच्या होडीला जे मिळतं ते सातपुड्यातल्या पाड्याला का मिळू नये? तिथे खारं पाणी, इथे सुकलेलं गवत, एवढाच फरक. टॉवर दोन्हीकडे नाही.

जपानने हेच जमिनीवर केलं आहे. त्यांचे मिचिबिकी उपग्रह मुळात रस्ता दाखवायला सोडलेले. पण भूकंप, त्सुनामी यांचे इशारे त्याच लहरींवरून खाली सोडले जातात आणि साधा ग्राहक ते पकडतो. युरोपही आपल्या गॅलिलिओ उपग्रहांवर हीच सोय उभी करत आहे. आपल्याकडेही वाट दाखवणारे गगन आणि नाविक आहेत. उपग्रह वर आहेत, पैसे खर्च झालेले आहेत. खाली गावात कान नाही.

तो कान असा असावा: ग्रामपंचायतीच्या, आश्रमशाळेच्या किंवा वनखात्याच्या नाक्याच्या छपरावर एक ग्राहक, एक सौर पट्टी, एक बॅटरी, एक भोंगा. छपरावर पक्का बसवला की झाडांच्या छत्रीचा प्रश्न मिटतो, कुणाची बॅटरी उतरली हा प्रश्न मिटतो, फोन कुणाकडे आहे हाही मिटतो. संदेश आला की भोंगा वाजेल आणि आधी ध्वनिमुद्रित करून ठेवलेलं वाक्य बोलेल. वरून यायचा तो नुसता क्रमांक. कुठलं वाक्य वाजवायचं ते खोक्यात आधीच भरलेलं. त्यामुळे वाहून न्यायचा मजकूरही अगदी छोटा.

इथे गृहखात्याकडून येणारी शंका मला ठाऊक आहे. २६/११ नंतर उपग्रह फोनबद्दल आपण कडक झालो, आणि ते का झालो हे मुंबईकराला सांगायला नको. परवान्याशिवाय थुराया किंवा इरिडियमचा उपग्रह फोन बाळगणं गुन्हा आहे. २०२४ च्या डिसेंबरात गोव्यात दाबोळी विमानतळावर एका परदेशी धावपटूला पाठपिशवीतल्या छोट्या उपग्रह-संपर्क यंत्रापायी अडवलं होतं. तिच्या देशात ते यंत्र डोंगरात जाणारा कुणीही बाळगतो. गडचिरोलीत तर ही काळजी आणखी खरी. पण मी मागतो ते खोकं फक्त ऐकतं. ते बोलत नाही, काहीही वर पाठवत नाही, आकाशवाणीच्या ट्रान्झिस्टरइतकंच निरुपद्रवी आहे. चोरीला गेलं तरी चोराला त्यातून भोंग्यापलीकडे काही मिळणार नाही. सुरक्षेच्या नावाखाली हे अडवू नका.

दोन्ही बाजूंनी बोलणारं यंत्र एकाच जागी हवं आहे: आग विझवायला जाणाऱ्या टोळीकडे. ८ एप्रिल २०२१ ला नागझिऱ्याच्या जंगलात वणवा विझवताना त्याच दिवशी तीन हंगामी मजूर गेले. आग डोंगराच्या पलीकडे काय करते आहे हे आत गेलेल्या माणसाला दिसत नाही. नाक्यावरच्या माणसाला कदाचित दिसतं, आणि मधल्या दरीत वायरलेस मुकं होतं. मी स्वतः दोनदा अशा दरीत उभा राहिलो आहे. होडीवरचं ट्रान्सपाँडर टोळीच्या नाईकाच्या पाठीवर का असू नये, याचं उत्तर मला कुणी दिलेलं नाही. खरं तर मी विचारलंही नव्हतं. नोकरीत असताना माणूस असे प्रश्न विचारत नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने स्टारलिंकबरोबर इरादापत्र केलं. असं करणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य, असं सांगितलं गेलं. गडचिरोली, नंदुरबार, वाशिम, धाराशिव ही नावं वाचली. मेळघाटचं नाव कानावर आलं नाही, ते असो. ती सेवा डिशवरून इंटरनेट देणारी आहे. लॉस एंजेलिसमध्ये थेट फोनवर आली ती ही नव्हे, हे आपल्या लोकांना नीट सांगा, नाही तर पुढच्या एप्रिलात लोक फोन आकाशाकडे धरून बसतील. पण डिश तर डिश. ज्या शाळेवर, ज्या आरोग्य उपकेंद्रावर ती बसेल तिथे ‘सचेत’चा इशारा पकडून भोंगा वाजवणारी जोडणी सक्तीची करा. वीज गेली तरी ती चालली पाहिजे, आणि इशाऱ्याच्या संदेशाला कसलंही बिल नको. करार पक्का होण्याआधी हे लिहून घेता येतं. झाल्यावर प्रत्येक ओळीचे पैसे पडतात.

आता वाक्यांबद्दल, कारण यंत्राइतकंच ते महत्त्वाचं आहे आणि यावर कुणी बैठक घेत नाही. संदेश कोरकूत, गोंडीत, माडियात, पावरीत हवा, गावातल्याच माणसाच्या आवाजात. ‘नागरिकांनी सतर्क राहावे’ हे वाक्य कुठल्याही भाषेत निरुपयोगी आहे. ‘उत्तरेच्या डोंगरावर आग आहे. मोहाला गेलेल्यांना बोलवा. गुरं नदीकडे सोडा.’ असं बोला. दोनच पायऱ्या ठेवा: जंगलात जाऊ नका, आणि गाव सोडा. तिसरी ठेवलीत तर ऐकणारा गोंधळेल आणि पाठवणाराही.

आणि कृपा करून त्यात कलम घालू नका. वणवा लावणं भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे हे जंगलातल्या प्रत्येकाला पाठ आहे. म्हणूनच आग हाताबाहेर गेली तरी कुणी सांगायला येत नाही. मोहाखालचा पाचोळा जाळायला एकाने काडी लावली, वारा फिरला, तो घाबरून घरी जाऊन बसला. असं मी किती वेळा पाहिलं असेल. त्याने पहिल्या दहा मिनिटांत नाक्यावर येऊन सांगितलं असतं तर आम्ही चौघांनी ती विझवली असती. त्याला आमची भीती आगीपेक्षा जास्त वाटली. दंडाची भाषा बोलणाऱ्या भोंग्यावर तो विश्वास ठेवणार नाही. दंड तुम्ही नंतर करा, वेगळ्या कागदावर करा.

‘पाठवा’ कुणी म्हणायचं हा शेवटचा आणि सगळ्यात अवघड प्रश्न. माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या पायरीचा संदेश वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याने, कुणालाही न विचारता. गाव सोडण्याचा संदेश तहसीलदाराने, आणि तो दहा मिनिटांत सापडला नाही तर पुन्हा परिक्षेत्र अधिकाऱ्यानेच. चुकून पाठवला म्हणून त्याच्यावर नोटीस निघणार नाही, हे लेखी द्या. हे लेखी दिल्याशिवाय कुणी बटण दाबणार नाही. प्रत्येक जण वरच्याला फोन लावत बसेल, आणि रेंज नसेल. सगळ्यांनाच संदेश गेल्याची लॉस एंजेलिससारखी चूक टाळायची तर बटणावर त्या परिक्षेत्रातल्या गावांचीच नावं ठेवा. जे नाव तिथे नाहीच ते चुकून दाबलं जाणार नाही.

एका हंगामात सगळीकडे होणार नाही, ते मलाही कळतं. मेळघाटातली दहा गावं घ्या, नाही तर गडचिरोलीतली, नाही तर अक्कलकुव्यातली. एकदा दिवसा आणि एकदा रात्री भोंगा वाजवून पाहा. किती जणांनी ऐकला, किती जणांना कळला, हे घरोघर जाऊन विचारा. ते विचारायला मी यायला तयार आहे, भत्ता नको.

माझ्या सध्याच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेच्या छपरावर सौर पट्टी आहे, दोन वर्षांपूर्वीची बॅटरी अजून चांगली आहे. भोंगाही आहे, तो २६ जानेवारीला आणि गणपतीत वाजतो. उपग्रहाचा निरोप पकडायला लागणारं दक्षिणेकडचं आकाश तिथून मोकळं आहे, मी छपरावर चढून पाहिलं आहे. किल्ली शाळेच्या शेजारच्या घरात असते. माणूस पाठवाल तेव्हा आदल्या दिवशी निरोप द्या, मात्र फोनवर नको. एसटीच्या वाहकाकडे चिठ्ठी दिलीत तर ती संध्याकाळपर्यंत नक्की पोचते.

आपला,
सातपुड्यातला एक निवृत्त वनपाल